गाय जागी होती, पण भूल दिलेली होती

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. गायीच्या पोटातून प्लास्टिक काढल्याची माझी पोस्ट वाचून तुम्ही विचारलंत, “माणसाला पूर्ण भूल आणि मुक्या जनावराला खोड्यात उभं करून सुरी? आणि नंतर दुखलं त्याचं काय?” तुमचा राग रास्त आहे. भूल कशी दिली हे मी लिहिलंच नव्हतं.

भूल होती, गायीला झोपवलं नव्हतं एवढंच. शेवटच्या बरगडीमागे, कण्यातून भकाळीकडे, म्हणजे बरगड्या आणि मांडीमधल्या पोटाच्या बाजूकडे, उतरणाऱ्या नसांपाशी 2 टक्के लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध सोडलं. थोड्या वेळात डावी भकाळी हाताला गरम लागते, पाठ किंचित बाक घेते. मग सुई टोचून बघायची. कातडी थरथरली तर थांबायचं. टोचलं तेव्हा ही गाय शेपटीने माश्या हाकलत होती. कोठीपोट, म्हणजे चारा साठतो तो पोटाचा मोठा कप्पा, बाहेर ओढताना मात्र कण्हली, ते लपवत नाही. तो ताण या भुलीने पुरता जात नाही.

मग झोपवली का नाही? मोठ्या गायीच्या कोठीपोटात शंभर लिटरच्या वर माल असतो. आडवी पाडली की ते सगळं ओझं श्वासपटलावर येतं. ढेकर बंद होतात, पोट फुगतं. त्यात पोटातलं पाणी घशाशी येऊन फुप्फुसात उतरलं की न्यूमोनिया ठरलेला. हे टाळायला आधी 24 ते 48 तास चारा तोडायचा, तोंडात हात घालून चाचपत श्वासनलिकेत नळी बसवायची, ऑक्सिजन जोडायचा. एवढं करूनही पाचशे किलोचं धूड एका कुशीवर फार वेळ राहिलं, तर पुढच्या पायाची नस दबून जनावर उठतच नाही. गोठ्यात, एका बल्बच्या उजेडात, हे मी करणार नाही. म्हशीला श्वासपटलाचा हर्निया असला, म्हणजे पोटाचा भाग श्वासपटलातून छातीत घुसला, की पूर्ण भूल लागू शकते. अशी म्हैस मी पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवतो.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. दोन दिवस मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी मालक म्हणाला, “डॉक्टर, आता वैरण खातेय की, कशाला खर्च?” मीही बॅग बंद केली. तुमची प्रतिक्रिया वाचताना तेच आठवलं.