बोनेट उघडलं की गाडी गल्लीची

सोलापुरात रविवारी सकाळी दारात गाडीचं बोनेट उघडलं की ती गाडी तुमची राहत नाही, गल्लीची होते. मी पाना हातात घेतो न घेतो तोवर समोरचे काका बनियनवर हजर. "काय करलालास बे?" म्हणलं थ्रॉटल बॉडी काढतोय, म्हणजे इंजिनात हवा किती सोडायची ते ठरवणारी झडप असते तो भाग. "बॅटरी बघ आधी." काकांचं हे ठरलेलं, उद्या त्यांच्या घरात नळाला पाणी आलं नाही तरी ते बॅटरीच बघतील.

आजार असा होता की आमची म्हातारी पेट्रोल गाडी न्यूट्रलला उभी असताना आपलीआपणच रेस व्हायची. आरपीएमनं, म्हणजे इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांनी, गपगुमान 800-850 वर बसायचं, तर ते 1500 वर जाऊन परत खाली, परत वर. बायको आत चप्पल घालत असायची आणि बाहेर गाडी घूंऽऽ घूंऽऽ करायची, तिला वाटायचं मीच घाई करतोय, त्यामुळं निघायच्या आधीच भांडण.

गल्लीचं एकमतानं निदान, कचरा. म्हणजे कार्बन. म्हणून आधी क्लीनर मारून, टूथब्रशनं घासून झडप चकाचक केली, तर आरपीएम अजूनच चढलं! कारण खरा घोळ झडपेच्या शाफ्टचा, म्हणजे झडप ज्यावर फिरते त्या दांडीचा होता. शाफ्ट स्टीलचा, बॉडी ॲल्युमिनियमची, वर्षानुवर्षं ॲक्सिलरेटर दाबून दाबून भोक लांबट झालेलं, आणि ती फट इतके दिवस बिचाऱ्या कार्बननंच बुजवली होती. गार इंजिन चालू करून शाफ्टच्या टोकाला स्प्रेचा जरासा फवारा मारला (गारच पाहिजे, तो स्प्रे पेट घ्यायला निमित्तच शोधत असतो) की आरपीएम लगेच बदलायचं. म्हणजे हवा मागच्या दारानं आत येत होती, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बसलाय हवा-पेट्रोलचा हिशोब जुळवत, कधी कमी कधी जास्त.

बॉडी काढताना दोन बारीक होज निघाले आणि हिरवं कूलंट थेट माझ्या चपलेवर. हे होज कशाला, तर झडपेवर बर्फ धरू नये म्हणून त्यातून इंजिनचं गरम पाणी फिरवतात. बर्फ! सोलापुरात! इथं मे महिन्यात पारा 43 च्या वर जातो, सीटबेल्टचं बक्कल हाताला चटके देतं, आणि आमची गाडी झडपेला थंडी वाजेल म्हणून शेक देत बसलीय. काकांना हे सांगितलं तर ते कितीतरी वेळ माझ्याकडंच बघत राहिले.

झडपेचे दोन स्क्रू मागून ठोकून फुलवलेले असतात, सुटून इंजिनच्या पोटात जाऊ नयेत म्हणून. ते आधी कानशीनं घासायचे, मगच फिरवायचे, नाहीतर डोकं उडालंच. एक स्क्रू अंथरलेल्या जुन्या चादरीच्या नक्षीत गेला तो गेलाच, म्हणलं जाऊ दे, तसेही नवेच घालायचे होते.

मग अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, मागाचे पार्ट करणाऱ्या लेथवाल्या मामांकडं. त्यांनी बॉडी हातात घेतली, शाफ्ट अंगठ्यानं हलवला, टकटक आवाज ऐकला आणि म्हणले, "गनमेटलचा बुश मारतो, संध्याकाळी न्या." बुश म्हणजे झिजलेल्या भोकात बसवायची नळी, शाफ्ट तिच्यात फिरतो. बस. बॅटरीचं नाव नाही, कचऱ्याचं नाव नाही. आख्ख्या गल्लीपेक्षा कमी बोलणारा माणूस, आणि काम असं की शाफ्ट लोण्यासारखा फिरत होता.

घरी झडप बसवताना स्क्रू लगेच आवळायचे नाहीत. झडप बंद करून तिला आपल्या जागी बसू द्यायची, उजेडासमोर धरून कडेची फट सगळीकडं सारखी दिसतेय का बघायचं, मगच थ्रेडलॉक (स्क्रू सुटू नये म्हणूनचा गोंद) लावून पक्कं करायचं. मी टॉर्च धरायला बायकोला बोलावलं. तिनं एक डोळा मिटून आरपार बघितलं, "दिसतोय की उजेड, छान दिसतोय" म्हणली आणि टॉर्चसकट कुकर बंद करायला गेली.

नवीन गॅस्केट, कूलंट भरलं, बॅटरीची निगेटिव्ह थोडा वेळ काढून ठेवली म्हणजे ईसीयू जुनं सगळं विसरतो. काका तिथंच उभे. "म्हणलो नव्हतो, बॅटरी?"

गाडी आता 850 वर अशी गप बसते की परवा सात रस्त्याला मला वाटलं बंदच पडली. किल्ली मारली, खर्रर्र! मागचा रिक्षावाला ओरडला, "चालूच हाय की ओ गाडी, अजून किती चालू करताव!"