आजीच्या ट्रंकेतली नोट आणि तुमचा टू-बीएचके

आजीच्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीतून जुनी नोट निघाली की आधी राजीनामा लिहायला घ्या. जुनी म्हणजे महागच. मग जुना फ्रीज भंगारवाला फुकट का मागतो, असले कुजके प्रश्न विचारू नका.

आता नोट जरा माणसात आणा. चार घड्या पडल्यात? ओला रुमाल टाकून इस्त्री फिरवा. हळदीच्या डागाला साबणाचा हलका हात. मग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन. संग्राहक मंडळी घडी, टाचणीचं भोक, कागदाचा मूळ करकरीतपणा बघत बसतात आणि धुतलेल्या नोटेचा भाव पाडतात. त्यांना स्वच्छतेचं वावडंच!

आमच्याकडे सहाव्या जॉर्जची दोन रुपयांची नोट होती, चिंतामणराव देशमुखांच्या सहीची. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, शिवाय रायगड जिल्ह्यातले, म्हणजे घरचेच. मामांनी ती प्लास्टिकमध्ये अशी बसवली की राजाच्या नाकावर हवेचा बुडबुडा कायमचा मुक्कामाला आला. नाण्यांच्या प्रदर्शनात एका काकांनी ती हातात घेतली, उलटी केली, परत सुलटी केली आणि विचारलं, "चहा घेणार का?"

किती छापल्या, किती उरल्या, सही कुणाची, हे शोधणं रिकामटेकड्यांचं काम. तुम्ही नंबर बघा. ट्रॅक्टरवाली पाचाची आणि त्यात ७८६? मग मोबाईलवरची जाहिरात लाखांच्या खाली बोलतच नाही. एजंट आधी नोंदणीचे पैसे मागेल, मग टॅक्सचे, मग रिझर्व्ह बँकेच्या 'प्रमाणपत्रा'चे. भरत राहा. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही, आपण कमिशनही घेत नाही, असं बँकेने २०२१ मध्ये जाहीर केलंय खरं. पण बिचारीला स्वतःच्या योजनेची खबर नसावी.

आणि २०१६ मध्ये बाद झालेल्या हजाराच्या नोटांचं बंडल नातवंडांसाठी राखलं असेल, तर तुमच्या दूरदृष्टीला दंडवत. २०१७ चा कायदा अशा जुन्या पाचशे-हजाराच्या दहाच नोटा ठेवू देतो, अभ्यासक-संग्राहकांना पंचवीस. त्यापुढे गेलात की दंड दहा हजार किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, जे जास्त असेल ते. बाद नोटेला पाचपट! एवढा भाव कुठल्याही प्रदर्शनात निघायचा नाही. फक्त पैसे तुम्ही मोजायचे, एवढंच.