‘गावाला विचारलं की प्रकल्प बुडतो’: बडोद्यात फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

दांडिया बाजारापासून प्रतापनगरपर्यंत मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरतोय. बडोद्याजवळच्या इंडियन ऑइलच्या कोयली रिफायनरीचा कार्बन डायऑक्साइड पकडून भरूच जिल्ह्यातल्या गंधारच्या तेलक्षेत्रात जमिनीखाली सोडायची योजना उत्तम आहे, असं तो म्हणतो. फक्त गावकऱ्यांना विचारत बसू नका: हॉलंडमध्ये विचारलं आणि प्रकल्प बुडाला, वायू निरुपद्रवी आहे, जनसुनावणी कायद्याने होतेच, खेड्यातल्यांना यातलं कळत नाही, आणि मोबदला मिळाला की सगळे गप्प बसतात.

योजना खरी आहे. इंडियन ऑइल आणि ओएनजीसी यांनी २०१९ मध्ये तसा सामंजस्य करार केला. माझा तिला विरोधही नाही. पण मेसेजमधलं बाकीचं टिकत नाही.

‘हॉलंडमध्ये विचारलं म्हणून बुडाला.’ हे बारेंड्रेख्तबद्दल असावं. रॉटरडॅमजवळच्या या वस्तीखाली नैसर्गिक वायूची रिकामी होत आलेली क्षेत्रं आहेत, आणि शेलच्या पर्निस रिफायनरीतला कार्बन डायऑक्साइड तिथे भरायचा होता. जागा ठरली, कंपनी ठरली, आणि मग लोकांसाठी माहितीसभा घेतल्या. नगरपालिका नको म्हणत असतानाही सरकारने २००९ मध्ये मंजुरी दिली. नोव्हेंबर २०१० मध्ये सरकारनेच प्रकल्प रद्द केला. रखडलेलं काम आणि स्थानिक पाठिंब्याचा अभाव ही कारणं तेव्हा दिली गेली. यात विचारलं कधी? ठरवून झाल्यावर कळवलं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या ऑटवेला उलट झालं. तिथे २००८ मध्ये वायू जमिनीत सोडायला सुरुवात झाली, पण त्याआधीपासून गावकऱ्यांशी बोलणं चालू होतं, आणि त्यांच्याशी संपर्क ठेवायला स्थानिक माणूस नेमला होता. तो प्रयोग पार पडला.

‘वायू निरुपद्रवी आहे, सोड्याच्या बाटलीत असतो.’ बाटलीत असतो, खरं आहे. पण तो हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो. मोठ्या प्रमाणात सुटला तर सखल भागात साचतो आणि तिथला प्राणवायू हटवतो. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या सटार्शिया गावाजवळ २२ फेब्रुवारी २०२० ला हेच घडलं. पावसाने जमीन खचली आणि कार्बन डायऑक्साइडची पाइपलाइन फुटली. सुमारे दोनशे लोकांना गाव सोडावं लागलं, पंचेचाळीसच्या आसपास लोक इस्पितळात गेले. मोटारींची इंजिनं बंद पडली, म्हणजे पळायचं साधनही गेलं. कुणी दगावलं नाही, हे नशीब. सरकारी चौकशीत निघालं की वायू या गावापर्यंत पोचेल असं कंपनीने धरलंच नव्हतं, आणि मदतीला धावणाऱ्या यंत्रणेलाही पुरेशी कल्पना दिलेली नव्हती.

उलट्या बाजूचे लोक कॅमेरूनच्या न्योस सरोवराचं उदाहरण देतात. १९८६ मध्ये तिथे सुमारे सतराशे माणसं मेली. पण तो ज्वालामुखीच्या सरोवरात नैसर्गिकपणे साठलेला वायू होता. तो दाखला इथे लावणं तितकंच चुकीचं. नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात १९९६ पासून समुद्रतळाखाली वर्षाला सुमारे दहा लाख टनांपर्यंत वायू सोडला गेला आहे, आणि तो खालीच राहिला आहे. म्हणूनच मला खोलवरच्या खडकापेक्षा वायू नेणाऱ्या वरच्या नळाची, म्हणजे पाइपलाइनची, आणि जुन्या तेलविहिरींची काळजी जास्त वाटते. नीट बुजवली नसेल तर जुनी विहीर म्हणजे वायूला वर यायची सरळ वाट. आणि अशी विहीर कुठल्या शेतात आहे, हे त्या शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

‘जनसुनावणी होतेच.’ जिथे लागू आहे तिथे होते. प्रकल्पाचा पर्यावरणावरचा परिणाम तपासण्याबद्दलच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे निदान तीस दिवसांची नोटीस, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष, स्थानिक भाषेतला सारांश. किती माणसं यायला हवीत याची अट नाही. चार आले तरी सुनावणी पूर्ण. आणि तोवर अहवालाचा मसुदा तयार असतो, म्हणजे जागा आणि मार्ग जवळजवळ ठरलेले असतात. ही कायद्याची किमान पायरी आहे, तिलाच संवाद म्हणायचं कारण नाही.

‘खेड्यातल्यांना कळत नाही.’ हा मुद्दा मला सर्वात खटकला. बडोद्याच्या कारखान्यांचं सांडपाणी पादरा तालुक्याच्या पट्ट्यातून जंबुसर तालुक्यातल्या सारोदजवळ खंभातच्या आखातात नेणारा पंचावन्न किलोमीटरचा एफ्लुएंट चॅनल १९८३ पासून चालू आहे. त्या काठच्या शेतकऱ्याला कारखान्याचं पाणी म्हणजे काय, हे आपल्या सोसायटीतल्या कुणाहीपेक्षा जास्त कळतं. बडोद्यातल्याच पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये सांगितलं की सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा चालू नसेल तर कारखाना चालवता येणार नाही. कोयलीहून गंधारकडे नळ न्यायचा तर पादरा, जंबुसर, आमोद हाच भाग वाटेत येणार. तिथले लोक प्रश्न विचारतील ते अज्ञानातून नव्हे, आठवणीतून.

त्यात एक प्रश्न हमखास असेल. मेसेजमध्ये सगळं पर्यावरणासाठी चाललंय असा सूर आहे. पण गंधारला वायू सोडण्याचा हेतू जुन्या क्षेत्रातून जास्त तेल काढण्याचाही आहे. वायूमुळे तेल पातळ होऊन वाहतं. वायूचा काही भाग खाली राहतो, काही तेलाबरोबर वर येतो आणि परत आत सोडावा लागतो. हे लपवायची गरज नाही. लपवलं आणि नंतर कळलं, तर उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

मोबदल्याचं थोडक्यात. तेलवायूच्या नळांसाठी १९६२ चा कायदा लागतो. त्यात जमीन मालकाचीच राहते, फक्त नळाच्या पट्ट्यात बांधकाम, तळं आणि झाडं बंद. वापराच्या हक्कापोटी बाजारभावाच्या दहा टक्के, आणि पिकाचं वगैरे नुकसान झालं तर त्याची वेगळी भरपाई. हरकत घ्यायला एकवीस दिवस. शेतमजुराच्या आणि आगरावर मीठ पिकवणाऱ्याच्या हाती यातलं काही पडत नाही, आणि नळ फुटला तर श्वास तेही घेतात.

म्हणून मार्ग कागदावर पक्का होण्याआधी ग्रामसभेत गुजराती नकाशा ठेवावा. बुजवलेल्या विहिरींची यादी द्यावी. वायुमापकाचे आकडे पंचायतीच्या फलकावर लागतील अशी सोय करावी. रात्री दोन वाजता नळ फुटला तर फोन कुणाला करायचा आणि कुठल्या दिशेला पळायचं, हे प्रत्येक घराला सांगावं. आणि तेल काढून कंपनी निघून गेल्यावर खालच्या वायूची जबाबदारी कुणाची, ते लेखी द्यावं.