बंगाली होईपर्यंत

माझ्या डोक्याचा घेर ६० सेंटिमीटर आहे. गेल्या शनिवारपर्यंत हे मलाही ठाऊक नव्हतं. आता पुण्याच्या नाना पेठेतल्या निदान दहा-बारा माणसांना ठाऊक आहे. त्यातला एक जण सीटकव्हरं शिवतो. परवा त्याच्या दुकानावरून गेलो तर आतूनच ओरडला, "काय साठ, बसलं का नीट?"

झालं होतं असं, की माझ्या जुन्या हेल्मेटचं बक्कल तुटलं. ते हेल्मेट गाडीबरोबर मिळालेलं, सहा वर्षांचं, आणि पहिल्या दिवसापासून कपाळाला चावणारं. आता पट्टाच लागत नाही तर नुसतं डोकं कशाला दुखवून घ्या, म्हणून ते कोपरात अडकवून निघालो. चौकातल्या कॅमेऱ्यानं टिपलं. मोबाईलवर ५०० रुपयांचं चलन, पुराव्यादाखल फोटोसकट. पासपोर्टच्या फोटोत मी कधी इतका स्पष्ट आलेलो नाही. बायकोनं तो दोन बोटांनी मोठा करून टकलापासून कोपरापर्यंत सावकाश पाहिला आणि म्हणाली, "कोपर मात्र अगदी सुरक्षित हं."

म्हणून शनिवारी नाना पेठेतलं हेल्मेटचं दुकान. खरं सांगायचं तर नवीन घ्यायला नाही, बक्कल बदलून मिळतं का ते विचारायला. दुकानदारानं माझं हेल्मेट हातात घेतलं, एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि ते काउंटरखाली ठेवून दिलं. मग माझ्या डोक्यावर एक नजर टाकली आणि माळ्याकडे तोंड करून हाळी दिली, "एक्सेल टाक रे! साहेबांचं डोकं मोठंय!"

रस्त्यावरच्या दोन स्कूटरवाल्यांनी मान वळवून खातरजमा करून घेतली.

मोठ्या डोक्याचा इतिहास मी इथे सांगत बसणार नाही. शाळेत स्काउटची टोपी माझ्या डोक्यावर पुरणपोळीवरच्या तुपाच्या गोळ्यासारखी बसायची, एवढं पुरे. आई म्हणायची, मोठं डोकं भाग्यवंताचं. ते भाग्य एकदाच फळलं, लग्नात. फेटा बांधणाऱ्यानं डोकं मोठं की लहान हे विचारलंसुद्धा नाही, दोन वेढे इकडे, दोन तिकडे, शेवटी तुरा, झालं. पागोटं, मुंडासं, फेटा यांच्या मागे केवढी सभ्यता होती हे हेल्मेटच्या दुकानात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. कापड डोक्याचं ऐकतं. हेल्मेटचं डोक्याला ऐकावं लागतं.

माळ्यावरच्या पोरानं एक्सेल खाली टाकलं. मालकाच्या हातून ते निसटलं आणि फरशीवर टणकन आपटून माझ्या पायाशी येऊन थांबलं.

"हे बाद," कोपऱ्यातून आवाज आला.

तिथे प्लास्टिकच्या स्टुलावर एक काका बसले होते. सत्तरीचे, पांढरी बुशकोट-पँट, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून स्कूटरची क्लच केबल बाहेर डोकावतेय. स्वतःची स्कूटर पलीकडच्या मेकॅनिककडे उघडी पडलेली, ती मिटेपर्यंत त्यांना वेळच वेळ होता. एवढा वेळ मोकळा असलेला पुणेकर आणि हातात नसलेली सत्ता, यांच्या मधे कुणी उभं राहू नये.

"काका, पडायसाठीच बनवलंय ते," दुकानदार म्हणाला.

"एकदाच पडायसाठी," काका म्हणाले. "वरचं कवच मार पसरवतं. झटका सोसतं ते आतलं थर्माकोल. ते एकदा दबलं की परत फुगत नाही. दुसरं काढा. आणि एक्सेल कशाला? माप घेतलंत?"

दुकानदारानं माप घेतलं नव्हतं. दुकानात टेपच नव्हती. सेंटिमीटरवर विकल्या जाणाऱ्या दीडदोनशे वस्तू भिंतीवर टांगलेल्या, प्रत्येकीच्या आत ५६०, ५८०, ६०० मिलिमीटर असे आकडे लिहिलेले, आणि मोजायला टेप नाही! गिऱ्हाइकाच्या डोक्याकडे बघून अंदाज. कलिंगडवालासुद्धा दोन टिचक्या मारून बघतो हो.

काका उठले. काउंटरवरची सुतळी घेतली, माझ्या भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, मागच्या फुगवट्यावरून फिरवली, गाठीच्या जागी नखानं धरली आणि स्वतःच्या हातानं मोजली. "पावणेतीन वीत." हे माप मानकात नसल्यामुळे पोराला शेजारच्या सीटकव्हरवाल्याकडे टेप आणायला धाडलं. सीटकव्हरवाला टेप घेऊन स्वतःच आला, काम काय आहे ते बघायला. सुतळी लांब धरून म्हणाला, "साठ. कुठल्या मॉडेलचं?"

कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं.

"सहाशे, म्हणजे लार्ज," काकांनी निकाल दिला. लार्ज आलं. मी ते घालू लागलो तर काका म्हणाले, चष्मा काढा. काढला. त्या क्षणापासून पुढचं सगळं मी अंदाजानं सांगतोय, कारण साडेचारचा नंबर आहे. चष्मा काकांनी ठेवून घेतला. हेल्मेट कानांवरून खाली ओढताना दोन्ही कान आत दुमडले, ते काकांनीच बोट घालून सरळ केले. माझ्या कानात बोट घालणारा शेवटचा माणूस म्हणजे माझी आजी.

"घट्ट आहे," मी म्हणालो.

"बोला, आमरस."

"काय?"

"आमरस म्हणा."

गालांच्या पॅडनी दोन्ही गाल पुढे ढकलून ओठांचा चंबू केलेला. मी म्हणालो, "ओमरोस."

काका दुकानाकडे वळले. "ऐकलंत? बंगाली बोलायला लागला. म्हणजे माप बरोबर. आपलं आपलं मराठी येत असेल तर समजायचं सैल आहे. गाल दाबलेच पाहिजेत. हे पॅड पंधरा दिवसांत बसतात, मग माणूस परत मराठीत येतो. आता म्हणा, सदाशिव पेठ."

मी का म्हणालो मला माहीत नाही. पन्नाशीचा माणूस, घरी वीजबिलापासून मुलीच्या ॲडमिशनपर्यंतचे निर्णय घेणारा. पण डोळ्यांना दिसत नसलं आणि कानांना अर्धवट ऐकू येत असलं की माणूस फार आज्ञाधारक होतो. "सोदोशिव पेठ," मी म्हणालो. सीटकव्हरवाल्यानं मनापासून दाद दिली.

"आता मान हलवा. डावी-उजवी. हेल्मेट मानेबरोबर फिरलं पाहिजे, मागून नाही. आता वर-खाली. कपाळाची कातडी सरकते का? सरकली पाहिजे. अजून. जोरात."

मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून मान हलवत होतो. हो, हो, हो. नाही, नाही, नाही. रस्त्यावर आणखी काही माणसं थांबली असावीत, मला फक्त रंग दिसत होते. एका निळसर रंगानं विचारलं, "पाऊस पडंल का?"

आणि मी नेमका वर-खालीच्या फेरीत होतो.

हशा पिकला. कुणीतरी तोंडानं गुबूगुबू वाजवलं. नंदीबैलाला निदान झूल असते, शिंगांना गोंडे असतात, शेवटी सुपात मूठभर धान्य पडतं. मला पट्टा बांधून काकांनी मागची कड धरली आणि हेल्मेट पुढे ओढलं. "असं निघून येत असेल तर रस्त्यावर ते आधी पडणार आणि तुम्ही नंतर." निघून आलं नाही. मीच पुढे गेलो, दीड पायरी.

मला राग कशाचा आला सांगू? हसण्याचा नाही. माणूस चेष्टेचा विषय झाला की एकदोनदा स्वतःही हसून मोकळा होतो. राग आला तो काका बरोबर होते म्हणून. हेल्मेट दहा मिनिटं डोक्यावर राहिलं, गाल दाबलेले होते, पण कपाळ दुखत नव्हतं. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी जुनं हेल्मेट मागून घेतलं, चष्म्याशिवाय अगदी डोळ्यांजवळ धरून आत बघितलं: ५८०. म्हणजे सहा वर्षं मी दोन सेंटिमीटर लहान हेल्मेट घालत होतो. त्या डोकेदुखीपायी चष्म्याचा नंबर दोनदा तपासला, पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या, रात्री जागतोस म्हणून बोलणी खाल्ली. नियम असा आहे की दुचाकी विकताना बरोबर मानकाचं हेल्मेट द्यायचं. दिलं. शोरूममध्ये नारळ फोडला, हार घातला, फोटो काढला, ॲक्सेसरीजची यादी वाचली, मागच्या बाईसाठी साडीगार्ड हवं का विचारलं. डोकं किती मोठं हे कुणी विचारलं नाही. चपलेला नंबर विचारतात. शर्टाला विचारतात. डोक्याला मात्र सगळ्यांना एकच, जे खोक्यात असेल ते.

आणि पुलाच्या कडेला चटईवर तीनशेला विकतात ती वेगळीच. १ जून २०२१पासून आयएसआय खुणेशिवाय हेल्मेट विकणं कायद्यानं बंद आहे. तिथल्या प्रत्येक हेल्मेटवर खूण आहेच. दिवसभर उन्हात राहून हेल्मेट ठिसूळ होतं, खूण होत नाही. त्याला कॅमेरा काही म्हणत नाही. कॅमेऱ्याला डोक्यावर काहीतरी गोल दिसलं की झालं. पातेलं घातलं तरी चालेल, असं मला वाटायला लागलंय, आणि खड्ड्यांचा फोटो काढणारा कॅमेरा कुठल्या चौकात लावलाय तेही कुणी सांगावं, मी स्वतः जाऊन हार घालीन.

असो. लार्ज घेतलं. अठराशे पन्नास. दुकानदार पन्नास सोडायला तयार होता, काकांनी शंभर सोडायला लावले. माझा चष्मा स्वतःच्या बुशकोटानं पुसून परत दिला. मग मी सहज विचारलं, "काका, तुमचं हेल्मेट कुठाय?"

"मी वापरत नाही."

"म्हणजे?"

"२०१९च्या जानेवारीत सक्ती आली, तेव्हा मोर्चात होतो मी."

"अहो, मग आत्ता हे सगळं..."

"मी सक्तीच्या विरोधात आहे," काका शांतपणे म्हणाले, "हेल्मेटच्या नाही. तुम्ही घेतच होतात, तर नीट घ्या." यावर उत्तर नाही. मी दोन रात्री शोधलंय.

तेवढ्यात मेकॅनिकचा निरोप आला की स्कूटर आज होत नाही. काकांनी पिशवी खांद्याला लावली. "तुम्ही मंडईवरूनच जाणार ना?" मी मंडईवरून जाणार नव्हतो. पण ज्या माणसानं तुमच्या कानात बोट घातलंय त्याला नाही म्हणता येत नाही.

गाडीजवळ आल्यावर काका थांबले. "मागच्यालाही लागतं. कलम १२९." मोर्चावाल्यांना कायदा तोंडपाठ असतो. त्यांनी माझ्या हातातलं जुनं हेल्मेट घेतलं आणि डोक्यावर चढवलं. इतकं बरोबर बसलं, की जणू सहा वर्षं मी ते त्यांच्यासाठीच जपत होतो. बक्कल नाही, मी म्हणालो. "हळू चालवा," ते म्हणाले. मंडईपर्यंत मागून सूचना येत होत्या: आरसा वर करा, तिसऱ्यावर घ्या, त्या रिक्षाच्या नादी लागू नका. नव्या हेल्मेटमधून त्या मला अर्ध्याच ऐकू आल्या. साडेसतराशे रुपयांतला तेवढा भाग वसूल झाला.

मंडईपाशी उतरले, पाठीवर थाप मारली आणि चालायला लागले. दहा पावलांवर त्यांनी हेल्मेट काढलं आणि कोपरात अडकवलं. माझं हेल्मेट. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी हॉर्न वाजवला, हात केला आणि जीव खाऊन ओरडलो, "ओ कोको! कोको!"

काका वळले. कोपर उंच केलं.

"नोमोस्कार!" म्हणाले, आणि भाजीच्या गर्दीत दिसेनासे झाले.