'पाठ्यपुस्तक उघडा' म्हणणाऱ्या वाचकाला

माझ्या आधीच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा नुसताच राग आला. तुमचं म्हणणं असं की "नॉइजमुळे एंटँगलमेंट मरतं" हे मी चूक लिहिलं, एंटँगलमेंट (दोन कणांमधलं क्वांटम नातं) नॉइजने, म्हणजे बाहेरच्या ढवळाढवळीने, मरत नाही, एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे आजूबाजूच्या जगात, पसरतं. डीकोहेरन्सने (आजूबाजूच्या संपर्कामुळे क्वांटम गुण विरण्याने) मोजमापाचा प्रश्न, म्हणजे मोजल्यावर अनेक शक्यतांतून एकच निकाल का दिसतो हा प्रश्न, सुटत नाही. एंटँगलमेंट ठरावीक वेळात पूर्ण संपू शकतं हे दाखवणाऱ्या यू आणि एबर्लींच्या पेपरचं साल चुकलंय. आणि "लिहिण्याआधी एखादं पाठ्यपुस्तक उघडलं असतं तर बरं झालं असतं".

साल मान्य. पेपर 2004 चा, 2007 हे तीच गोष्ट फोटॉनवर (प्रकाशकणांवर) दाखवणाऱ्या प्रयोगाचं. दुरुस्त केलंय, आभार.

आता पाठ्यपुस्तक. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी दोन क्यूबिट (दोन पातळ्यांच्या क्वांटम प्रणाली) घेऊन, प्रत्येकाला आपापला वेगळा नॉइज देऊन कॉन्करन्सचा, म्हणजे एंटँगलमेंट किती उरलंय त्या मापाचा, ग्राफ काढत होते. एकेका क्यूबिटचं कोहेरन्स (त्याचा स्वतःचा क्वांटमपणा) हळूहळू विरत जायचं, शून्याच्या जवळ जायचं पण पोचायचं नाही, आणि कॉन्करन्स मात्र मधेच धाडकन शून्यावर. तीन रात्री कोडमधला बग शोधला! बग नव्हताच. सगळ्याच स्टेट्सचं (सुरुवातीच्या क्वांटम अवस्थांचं) असं होत नाही, पण ज्यांचं होतं त्यांच्यातलं एंटँगलमेंट ठरावीक वेळात संपतं, मागे शेपूटही उरत नाही. या प्रकाराला 'सडन डेथ' हे नाव काही मी ठेवलेलं नाही, मग "मरतं" या एका शब्दावर एवढं तुटून पडायचं कारण काय?

पसरतं हे मला ठाऊक नसेल असं वाटलं का तुम्हाला? मोठी वस्तू आजूबाजूपासून सुटी धरताच येत नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ डीटर झे 1970 मध्येच लिहून गेलेत. मी त्या दोन क्यूबिटबद्दल बोलत होते, तुम्ही दोन अधिक अख्खं जग धरताय. तसं धरलं तर काहीच मरत नाही, कबूल, पण लॅबमधल्या माणसाच्या हातात ते दोनच असतात आणि बेल टेस्ट (दोघांमधलं नातं साध्या, क्वांटम नसलेल्या कारणांनी समजावता येतं का याची चाचणी) त्याला त्यांच्यावरच करायचीय. ती तर आणखी आधी गळपटते: वर्नर स्टेटमध्ये (पूर्ण एंटँगल्ड अवस्था आणि निव्वळ नॉइज यांच्या मिश्रणात) एंटँगल्ड भागाचं वजन साधारण 71 टक्क्यांखाली गेलं की सीएचएसएचची, म्हणजे बेल टेस्टच्या नेहमीच्या सूत्राची, मर्यादा मोडत नाही, एंटँगलमेंट मात्र 33 टक्क्यांपर्यंत तग धरून असतं. हे कुठून आलं, पाठ्यपुस्तक न उघडताच?

मोजमापाच्या प्रश्नाचं म्हणाल तर तो "सुटतो" असं मी लिहिलंच नव्हतं, "बराचसा सुटतो" लिहिलं होतं. त्यावर पुन्हा कधीतरी.

आणि पुढची प्रतिक्रिया टोपणनाव सोडून खऱ्या नावाने टाका, म्हणजे कुणाशी बोलतेय ते तरी कळेल.