श्रोता मुका नसतो, प्रश्न धड विचारलेला नसतो

नवख्या पॉडकास्टरांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. थाट असा, की श्रोत्यांच्या फार नादी लागू नका. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: पॉडकास्ट एकतर्फी माध्यम आहे, तिथे श्रोता बोलत नाही. प्रतिक्रिया येत नसतील तर कार्यक्रम लोकांना आवडलेला नाही असं समजा. संवाद हवाच असेल तर दर भागात पाच तारे आणि रिव्ह्यू मागा, त्याने क्रमवारी वर जाते. एक ग्रुप काढा, सगळ्यांना त्यात घ्या. पुढचा विषय श्रोत्यांनाच विचारा आणि ते म्हणतील तेच करा. आणि तळटीप: हे सगळं दहा हजार श्रोते झाल्यावर, तोवर नुसते भाग टाकत राहा.

मला हा मजकूर तिघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी ‘पटलं’ असा शेरा मारून. म्हणून हा खटाटोप.

‘एकतर्फी माध्यम’ हा मुद्दा भारदस्त वाटतो, कारण मजकुरात त्याला मानसशास्त्राचा टेकू दिलाय. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ साली एक निबंध लिहिला होता. रेडिओ-टीव्हीवरचा निवेदक आपल्याशीच बोलतोय असं प्रेक्षकाला वाटू लागतं, जवळीक वाढत जाते, पण ती एकाच बाजूने, असं त्यांचं निरीक्षण. निरीक्षण खरंच आहे, पण त्यातून मजकुराच्या उलट निष्कर्ष निघतो. श्रोत्याच्या बाजूने ओळख झालेली आहे, म्हणजे अवघड काम आधीच उरकलंय. पॉडकास्टरला आलेली पत्रं वाचून पाहा. ‘नमस्कार, मी अमुक’ असं रीतसर पत्र क्वचितच येतं. ‘परवा तुम्ही म्हणालात ना, तिथे माझं थोडं वेगळं आहे’ असं ते मधूनच सुरू होतं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात गप्पा केव्हाच चालू झालेल्या असतात.

एकतर्फी आहे ती फीड, म्हणजे नवे भाग श्रोत्याच्या अॅपपर्यंत पोचवणारी वाहिनी. २००० सालच्या अखेरीस सॉफ्टवेअर घडवणारे डेव्ह वायनर यांनी आरएसएसमध्ये, म्हणजे संकेतस्थळावरचा नवा मजकूर आपोआप पोचवणाऱ्या फीडच्या साच्यात, ऑडिओ फाइल जोडण्याची सोय केली, आणि पॉडकास्टचा गाडा आजही मुख्यतः त्याच रुळावर चालतो. त्या नळातून फाइल खाली येते, वर काहीच जात नाही. म्हणून परतीची वाट वेगळी काढावी लागते. स्पॉटिफायने २०२१ मध्ये भागाखाली प्रश्नोत्तरं आणि पोल आणले, २०२४ मध्ये कमेंटही. दुसरीकडे पॉडकास्टच्या आद्य मंडळींपैकी अॅडम करी यांनी २०२० मध्ये साथीदारासह सुरू केलेल्या पॉडकास्ट इंडेक्स या पॉडकास्टच्या खुल्या सूचीच्या गोतावळ्यात ‘बूस्टाग्रॅम’ नावाचा प्रकार रुजला: ऐकता ऐकता होस्टला बिटकॉइनचा एक कण पाठवायचा आणि सोबत निरोप. निरोप पोचवायला पदरचे पैसे मोजणारे श्रोते आहेत, आणि म्हणे श्रोता बोलत नाही!

आता शांतता. प्रतिक्रिया नाहीत म्हणजे आवडलं नाही, हा मुद्दा सगळ्यांत जास्त नुकसान करतो. चांगले चाललेले कार्यक्रम लोक याच समजुतीने बंद करतात.

संकेतस्थळं लोक कशी वापरतात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांबद्दल एक ढोबळ हिशेब मांडला होता: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ जण अधूनमधून काही लिहितात आणि उरलेला एक जण बहुतेक सगळं लिहितो. तो हिशेब अशा लोकांचा, जे पडद्यासमोर बसलेले आहेत आणि ज्यांच्या बोटांखाली कीबोर्ड आहे. पॉडकास्टचा श्रोता भांडी घासत असतो, गाडी चालवत असतो किंवा चालायला गेलेला असतो. हात ओले, फोन खिशात. दोनशे श्रोत्यांमागे महिन्याला दोन पत्रं आली तर मी त्याला चांगलं चाललंय म्हणेन.

त्यातून आपण विचारतो कसं? मी स्वतः कित्येक महिने प्रत्येक भागाच्या शेवटी ‘तुमच्या प्रतिक्रिया नक्की कळवा’ म्हणत होतो. त्या वाक्याला कुणी उत्तर का द्यावं? कशाबद्दल कळवायचं, कुठे, किती, काहीच त्यात नाही. शिवाय ते शेवटी, म्हणजे समारोपाचं संगीत सुरू झालं की लोक पुढच्या भागाकडे वळतात, बरोबर तिथे. त्याऐवजी मी एकदा भागाच्या मध्यावर विचारलं, ‘हे ऐकताना तुमच्या हातात आत्ता काय काम आहे? एका वाक्याचा व्हॉइस नोट पाठवा.’ उत्तरं आली. कुणी इस्त्री करत होतं, कुणी बाळाला झोपवत होतं आणि म्हणून कुजबुजत बोललं होतं. तो कुजबुजता आवाज मी पुढच्या भागात वाजवला, आणि त्यानंतर आधीच्यापेक्षा जास्त आवाज आले.

या प्रसंगातला शेवटचा टप्पा बहुतेक जण गाळतात. आलेलं उत्तर भागात ऐकू यायला हवं. पत्र पाठवलेला माणूस पुढचा भाग वेगळ्या कानाने ऐकतो, आणि न पाठवलेल्यांना कळतं की इथे पेटी उघडली जाते. उरलेली सगळी हत्यारं या एका गोष्टीपुढे दुय्यम आहेत.

बाकी बारकावे कारागिरीचे आहेत. एका भागात एकच मागणी. पत्ता असा, की एकदा ऐकून लक्षात राहील. ज्यात आडवी रेघ, अधोरेखा, दोन आकडे आणि एक टिंब आहे, तो ईमेल पत्ता गाडी चालवणाऱ्याला सांगून उपयोग नाही. पत्ता दोनदा म्हणा आणि शो नोट्सच्या, म्हणजे भागाखालच्या मजकुराच्या, पहिल्या ओळीत लिहा, तळाशी नको. व्हॉइस नोटसाठी वेळेची मर्यादा सांगा, अर्धं-पाऊण मिनिट पुरतं. पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर लांब धरून बोला, हेही सांगा, नाहीतर एडिटिंगला बसल्यावर रडायची पाळी येते. आणि ‘हा आवाज भागात वापरला तर चालेल ना’ हे विचारल्याशिवाय वाजवू नका. खासगीत मन मोकळं केलेल्या माणसाला स्वतःचा आवाज अचानक कार्यक्रमात ऐकू आला, तर तो पुन्हा कधी बोलणार नाही.

शांततेवरून अंदाज बांधणाऱ्यांना दुसरा पुरावा हवा असतो तो डाउनलोडचा. आकडे पडले, म्हणजे लोक गेले. ऑनलाइन जाहिरातींच्या मोजमापाचे नियम ठरवणाऱ्या आयएबी टेक लॅब या संस्थेनुसार साधारण मिनिटभराचा ऑडिओ उतरला की एक डाउनलोड धरतात, आणि त्याच आयपी पत्त्यावरून, त्याच अॅपवर चोवीस तासांत पुन्हा मागणी आली तर ती मोजत नाहीत. माणसाने ती फाइल ऐकली का, हे त्यात कुठेच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोनची नवी प्रणाली, आयओएस १७, आली. त्याआधी बरेच दिवस न ऐकलेला श्रोता परतला की अॅपलच्या अॅपमध्ये मधले सगळे भाग आपोआप उतरायचे, ते थांबलं. कित्येक कार्यक्रमांचे आकडे घसरले आणि एकही श्रोता कमी झालेला नव्हता. त्या दिवसांत ज्यांच्याकडे पत्रं येत होती ते निर्धास्त होते.

रिव्ह्यूचा मुद्दा लवकर निकालात निघतो. अॅपलनेच सांगितलंय की त्यांची क्रमवारी ऐकणं, फॉलो करणं आणि भाग पूर्ण ऐकणं यांवर ठरते. तारे आणि रिव्ह्यू त्यात धरले जात नाहीत. रिव्ह्यू प्रत्येक देशाच्या पानावर वेगळे दिसतात, आणि त्यांना तिथल्या तिथे उत्तर द्यायची सोय पॉडकास्टरला नाही. नवा माणूस पान उघडतो तेव्हा चार चांगल्या ओळी दिसाव्यात, इतपत त्यांचा उपयोग. ज्याला उत्तरच देता येत नाही त्याला संवाद कसं म्हणायचं?

ग्रुपचं मात्र तसं नाही, कारण कल्पना वाईट नाही. वाईट आहे ते ‘सगळ्यांना त्यात घ्या’. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर इतर सगळ्यांना दिसतो. श्रोत्याने विश्वास तुमच्यावर टाकलेला असतो, दोनशे अनोळखी लोकांवर नाही. २०२३ मध्ये आलेल्या चॅनलमध्ये नंबर झाकलेले राहतात, पण तिथे श्रोता इमोजी चिकटवू शकतो, पोलमध्ये मत देऊ शकतो, आपणहून लिहून बोलू शकत नाही. म्हणजे घोषणांसाठी चॅनल आणि बोलण्यासाठी ईमेल किंवा वेगळा नंबर, अशी वाटणी बरी पडते. वेगळा म्हणजे खरंच वेगळा. रात्री अकराला ‘सर, एक मिनिट’ म्हणून आलेला फोन कौतुकाचा असला तरी तो फोनच असतो. ओळख एका बाजूने दाट आहे हे हॉर्टन-वोल सांगून गेलेत, त्यामुळे कुंपण आपणच घालायचं असतं.

ग्रुप काढलाच तर तो लहान ठेवा, मागेल त्यालाच घ्या आणि त्यात काम द्या: पुढच्या पाहुण्यासाठी प्रश्न, कच्च्या भागावर शेरे. काम नसलेल्या ग्रुपात सुप्रभात उगवतं. पत्त्यांची यादी कुठल्याही कंपनीच्या दावणीला न बांधता आपल्याकडेही ठेवा. गूगल पॉडकास्ट्ससारखं अॅप २०२४ मध्ये बंद झालं, ईमेलची यादी मात्र कुठेही नेता येते.

‘पुढचा विषय श्रोत्यांनाच विचारा.’ मी विचारलाय. पैसा, नातेसंबंध, यशस्वी माणसांच्या मुलाखती, अशी कुठल्याही कार्यक्रमाला चालेल अशी यादी येते. आणि ती पाठवणारे बरेचसे तेच ते असतात, नील्सनच्या हिशेबातले एक टक्कावाले. त्यांच्या म्हणण्यावर गाडी वळवली तर मागे बसलेले नव्याण्णव कुठे उतरले हे कळतही नाही. श्रोत्याला संपादक करू नका, साक्षीदार करा. ‘काय ऐकायला आवडेल’ यापेक्षा ‘गेल्या भागात कुठे अडलात’, ‘हे तुमच्या कामात कधी घडलंय का’, ‘माझं कुठे चुकलं’ हे विचारा. या प्रश्नांना फक्त त्यालाच देता येईल असं उत्तर असतं. चूक दाखवणारं पत्र तर मी सोन्यासारखं जपतो. ते पुढच्या भागात वाचून दाखवून चूक कबूल केली की पुढच्या दुरुस्त्या आपणहून येतात.

राहता राहिली दहा हजारांची तळटीप. दहा हजार श्रोत्यांना एकेकाला उत्तर देता येत नाही. चाळीस जणांना येतं. सवय लावायचा काळ हाच. शिवाय पॉडकास्टमध्ये ‘सध्याचे श्रोते’ असा काही जथा नसतो, प्रत्येक जण वेगळ्या भागावर असतो. म्हणून शुक्रवारपर्यंत उत्तर पाठवा असं मी सांगत नाही.

मागे एक व्हॉइस नोट आला. मी अगदी सुरुवातीच्या एका भागात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं. प्रश्न मी विसरलो होतो, भाग परत ऐकावा लागला. माणूस नुकताच पहिल्यापासून ऐकायला बसला होता आणि तिसऱ्या भागावर होता. मी त्याचा आवाज ताज्या भागात घेतला, त्याचं नाव घेऊन दोन वाक्यं बोललो. त्याला कळवलेलं नाही. रोज एक या वेगाने तो तिथे पोचायला अजून दोनेक महिने आहेत.