खुलासा : गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दीड महिना अंथरुणातच?

‘सांधा बदलल्यावर सहा आठवडे पाय हलवू नका, नाहीतर नवा सांधा सैल होतो’ असा एक संदेश सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि पाळला तर नुकसानच होतं.

संपूर्ण गुडघा बदलल्यावर बहुतेक रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. पाय निपचित ठेवला की मांडीचा स्नायू झपाट्याने रोडावतो, सांध्यात व्रणाच्या ऊती घट्ट होतात आणि गुडघा आखडतो. पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो तो वेगळाच.

व्यायाम तरी काय असतात? घोटा वर-खाली करणं, गुडघा गादीवर दाबून मांडी पाच सेकंद आवळणं, टाच सरकवत पाय हळूहळू दुमडणं. थोडं दुखणार, ताण येणार. पण वेदना वाढतच गेली किंवा दुसऱ्या दिवशी सूज जास्त दिसली, तर व्यायाम कमी करायचा. आणि ती गुडघ्याखालची उशी काढा! बरं वाटतं खरं, पण सतत ठेवली तर पाय सरळ होत नाही.

मात्र गुडघ्यातल्या अस्थिबंधाची (लिगामेंट) किंवा हाडांमधल्या कूर्चेच्या गादीची (मेनिस्कस) दुरुस्ती झाली असेल, तर वजन कधी टाकायचं हे सर्जनच ठरवतात. पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा जखमेतून स्राव आला तर लगेच डॉक्टरांना कळवा. अचानक धाप लागली तर थेट तातडीच्या विभागात जा.